घडणावळ : फेरीतल्या हस्तकलेचा हिशेब

सोनाराच्या दुकानातली पावती कधी नीट वाचली आहे का? तिच्यावर सोन्याचं वजन वेगळं लिहिलेलं असतं, त्या दिवसाचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. गिऱ्हाईक घडणावळीवरून घासाघीस करतं, पण ‘घडणावळ म्हणजे काय आणि ती मी का द्यायची?’ असं कुणी विचारत नाही. बांगडी आपोआप झालेली नाही, ती कुणीतरी बसून घडवली आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं.

मराठीनं या मोलासाठी एक सुंदर प्रत्यय राखून ठेवला आहे. शिवण्याचे पैसे ते शिवणावळ, दळण्याचे दळणावळ, धुण्याचे धुणावळ, रंगवण्याचे रंगणावळ. क्रियापदाला ‘-णावळ’ लागलं की त्या कामाचं मोल सांगणारं नाम तयार होतं. म्हणजे भाषेनंच सांगून ठेवलं आहे की माल वेगळा आणि हात वेगळा, दोघांचे पैसे वेगळे मोजा.

पण फेस्ताच्या फेरीत, जत्रेत किंवा नाताळच्या आधी भरणाऱ्या हस्तकलेच्या सेलमध्ये जा. क्रोशाचे रुमाल, करवंटीचे दिवे, बांबूच्या टोपल्या, मातीच्या कुंड्या, भरतकामाच्या पिशव्या दिसतील. प्रत्येकावर एकच आकडा. त्यात दोरा किती, हात किती, जागेचं भाडं किती, काहीच कळत नाही. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा ते माहीत नसतं. हा लेख त्या एका आकड्याची फोड करून बघण्यासाठी आहे. आमच्या मंडळातल्या निदान चार जणी तरी दर डिसेंबरला कुठं ना कुठं टेबल मांडतात, त्यांना उपयोग होईल. आणि जे फक्त विकत घ्यायला जातात त्यांना तर त्याहून जास्त.

फेरी, जत्रा आणि बाजार

आधी जागा ओळखून घेऊ. आपण गोव्यात ‘फेस्ताची फेरी’ म्हणतो, तो ‘फेरी’ शब्द चक्कर मारण्याच्या फेरीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘फैरा’वरून आला, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘फेरिया’त आहे, म्हणजे सणाचा, सुट्टीचा दिवस. इंग्रजी ‘फेअर’ही तिथूनच आला. आपली जत्रा आली ‘यात्रा’ या शब्दातून. दोन्ही शब्दांच्या मुळाशी बाजार नाहीच, देवाचा दिवस आहे. माणसं देवासाठी जमली, आणि जिथं माणसं जमली तिथं विकणारे येऊन बसले.

म्हापशात ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं. तिला नवस बोलायला ख्रिस्ती जातात तसे हिंदूही जातात, तेल वाहतात. फेस्ताला जोडून फेरी भरते. मडगावची पुरुमेंताची फेरी पावसाच्या तोंडावर, पेंतेकोस्ताच्या सुमारास. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवलेली बेगमी: सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच, व्हिनेगर. त्यासोबत टोपल्या, सुपं, मडकी. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. जानेवारीत म्हापशात बोडगेश्वराची जत्रा. पणजीचा लोकोत्सवही साधारण त्याच दिवसांत. आणि दर आठवड्याला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहेच.

यातला प्रत्येक ठिकाणचा खरेदीदार वेगळा असतो, हा धड्यातला पहिला मुद्दा. पुरुमेंताच्या फेरीत माणूस गरजेची वस्तू घ्यायला येतो. जुनं सूप मोडलंय, नवं हवंय. फेस्ताच्या फेरीत तो मुलांना घेऊन फिरायला येतो. खाजें, चणे घेतो, एखादं खेळणं घेतो, आणि हस्तकलेच्या टेबलासमोर थांबतो तो बघायला. नाताळच्या सेलला येणारा भेटवस्तू शोधत असतो आणि त्याच्या मनात बजेट ठरलेलं असतं: एकीला इतके, दुसरीला इतके. तोच रुमाल तीन ठिकाणी तीन वेगळ्या नजरांनी पाहिला जातो. म्हणून ‘तिथं खूप गर्दी असते’ एवढ्यावर टेबल घेऊ नये. गर्दी आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे शब्द आहेत.

वहीतला हिशेब

आता फोड. आमच्या घरात क्रोशाचं विणकाम चालतं. आई वसईची, तिला तिच्या मावशीनं शिकवलं, मला आईनं. बाबा बार्देशातले, त्यांचं काम आम्हाला स्टॉलवर सोडणं आणि संध्याकाळी परत आणणं. गेल्या वर्षी मी एक वही घातली आणि प्रत्येक वस्तूला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहिला. खालचे आकडे त्या वहीवरूनच घेतले आहेत, फक्त हिशेब सोपा जावा म्हणून गोळाबेरीज केली आहे. तुमचे आकडे वेगळे येतील. रीत तीच राहील.

वस्तू: ट्रेवर घालायचा क्रोशाचा गोल रुमाल. वेळ: ६ तास.

१. दोरा: ६० रुपये.
२. धुणं, खळ, इस्त्री, पाकीट, चिठ्ठी: १५ रुपये.
३. फेरीचा खर्च: दोन दिवसांचा जागेचा सोपो आणि टेबल मिळून १६००, येणं-जाणं ५००, चहा-जेवण ३००. एकूण २४००. दोन दिवसांत ६० नग विकले जातील असं धरलं तर नगामागे ४० रुपये.
४. स्टॉलवर बसण्याचा वेळ: दोन दिवसांचे २० तास. तासाला ६० रुपये धरले तर १२०० रुपये, म्हणजे नगामागे २०.
५. मळलेला, उसवलेला, परत आलेला माल: नगामागे ५ रुपये.

हे झाले १४० रुपये. यात अजून विणण्याचा एक पैसाही नाही.

६. विणणावळ: ६ तास, तासाला ६० रुपये. ३६० रुपये.

एकूण ५०० रुपये.

तासाला ६० हा दर मी उदाहरणापुरता घेतला आहे. आठ तासांचे ४८० होतात. यात कुणी श्रीमंत होत नाही. बारीक टाका बिनचूक घालायला जी वर्षं गेली त्यांचा हिशेब तर यात धरलेलाच नाही.

आता खरी गंमत बघा. आमच्याकडं हा रुमाल वर्षानुवर्षं २०० रुपयांना विकला जातो. त्यातून वरचे १४० वजा करा. उरतात ६० रुपये. सहा तासांचे साठ. तासाला दहा रुपये.

‘मातशें उणें कर गो’

आणि हे झालं घासाघीस न करता. स्टॉलवर बसलेल्या प्रत्येकीला पुढचं वाक्य पाठ असतं: “बाय, मातशें उणें कर गो.” दोनशे सांगितले की दीडशेला मागणार. आपणही हसून म्हणतो, बरं, घ्या. दिवसाची भवानी व्हायची असेल तर आणखीच लवकर म्हणतो.

कमी झालेले ते पन्नास रुपये कुठून गेले? दोरेवाल्यानं आपला भाव कमी केला नाही. सोपो घेणाऱ्यानं पावती फाडून दिली ती पूर्ण पैशांची. रिक्षावाल्यानंही काही सोडलं नाही. ते १४० जिथल्या तिथं आहेत. पन्नास गेले ते साठांतून. सहा तासांच्या कामाचे उरले दहा रुपये, म्हणजे तासाला दोन रुपयेसुद्धा नाहीत.

गिऱ्हाइकाला वाटतं आपण किंमत पाव हिश्शानं कमी करून घेतली. त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे, २०० चे १५० झाले. पण विणणारीच्या हाताला मिळणारे साठ रुपये दहावर आले, सहा भागांतले पाच भाग गेले. हस्तकलेच्या वस्तूत कच्चा माल थोडा आणि हात जास्त असतो, म्हणून तिथली प्रत्येक सूट जवळजवळ पूर्णपणे हातातूनच जाते. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

यावर कुणी म्हणेल, घासाघीस तर बाजाराची रीतच आहे, त्यात मजा असते. मान्य. मलाही शुक्रवारच्या बाजारात ती आवडते. जो व्यापारी दहाला घेऊन वीसला विकतो त्याच्याशी घासाघीस म्हणजे त्याच्या नफ्यातला वाटा मागणं. स्वतः बनवून स्वतः विकणाऱ्याशी घासाघीस म्हणजे त्याचा पगार कापणं. दोन्हीचं वाक्य एकच असलं तरी व्यवहार वेगळा आहे.

फावल्या वेळाचं काम

मी वही आईला दाखवली. ती म्हणाली, “अगं, टीव्ही बघता बघता होतं ते. त्याचे काय तास मोजायचे?”

हे वाक्य फक्त आमच्या घरातलं नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. १९व्या शतकात तिथं स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी कुटुंबांनी स्थानिक बायकांना लेस विणायला शिकवलं. पुढं त्या क्रोशाच्या लेसचा परदेशी निर्यातीचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. या मीसबाईंनी त्याआधी काही वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं होतं, त्यामुळे आपल्याला त्या अगदीच परक्या नाहीत.

त्यांना काय दिसलं? बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणत होत्या आणि घरचं सगळं काम करून विणत होत्या. तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. त्या ‘गृहिणी’ आणि त्यांचं विणणं ‘फावल्या वेळातला उद्योग’. एकदा कामाला ‘फावला वेळ’ हे नाव मिळालं की त्याचे तास मोजायची गरज उरत नाही, आणि तास मोजले नाहीत की मजुरी कितीही खाली नेता येते. त्याच गावांत शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायकांना लेस विणणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे मिळत होते. पण घराबाहेर जावं लागत नाही यात विणणाऱ्यांना प्रतिष्ठा वाटत होती, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत त्यांच्या मजुरीतून वळती होत होती. नफा व्यापारी आणि निर्यातदारांकडं जात होता.

आपल्या फेरीत मधला व्यापारी नाही, आई स्वतःच विकते. तरी भाव तसाच खाली राहतो. कारण ‘फावला वेळ’ हे नाव आता बाहेरून कुणी द्यावं लागत नाही, आपणच ते स्वतःला देतो. मराठीत ‘विरंगुळा’ हा गोड शब्द आहे, आणि क्रोशा विरंगुळा असूच शकतो. पण स्वतःच्या मुलीच्या बाळासाठी टोपडं विणलं तर तो विरंगुळा. फेरीसाठी एकसारखे साठ रुमाल विणले, त्यांतले आठ मापात बसेनात म्हणून उसवले, तर ते काम.

आणि इथं प्रश्न फक्त आमच्या घरचा राहत नाही. माझी फी भरलेली आहे. रुमाल दीडशेला गेला काय, शंभरला गेला काय, आमची चूल पेटतेच. पण दोन टेबलं सोडून बसलेली बाई त्या विणकामावर घर चालवत असेल तर? गिऱ्हाईक माझ्याकडं दीडशेचा भाव ऐकून तिच्याकडं जातं आणि म्हणतं, “तिथं दीडशेला देतात.” माझ्या हौसेनं तिची मजुरी ठरते. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्याचंही असंच. शिबिरात चार दिवस शिकून कुणी टोपल्या ‘नाममात्र किमतीत’ विकायला ठेवल्या, की ज्याचं पोटच त्या कामावर आहे त्याला आपला भाव पटवून सांगावा लागतो. म्हणून पोटासाठी न विकणाऱ्यानं तर भाव पाडून विकताच कामा नये. गरज नसेल तर वस्तू भेट द्या. स्वस्त विकू नका.

नालवाडीतली परीक्षा

हा प्रश्न आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर एकदा विचारला गेला आहे. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. गावोगावच्या बायका सूत कातू लागल्या, खादी विकली जाऊ लागली. पण कातणारीला मिळणारी मजुरी अगदीच तुटपुंजी होती. १९३५ साली गांधीजींनी आग्रह धरला की कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामाला आठ आणे, म्हणजे तासाला एक आणा, हे त्यांचं माप होतं. खादी महाग होईल, मग ती घेणार कोण, ही भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली. संघाला आठ आण्यांपर्यंत पोचता आलं नाही. पण कामाच्या तासांवरून किमान मजुरी ठरवायची, हे तत्त्व मान्य झालं.

त्याच सुमाराला वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा भावे यांनी याची परीक्षा स्वतःवर घेतली. रोज आठ-नऊ तास कातायचं आणि त्या मजुरीत जेवढं बसेल तेवढ्यावरच जगायचं. कातणारीला मिळणारी मजुरी पुरते की नाही, हे चर्चेत ठरवण्याऐवजी त्यांनी ते ताटात उतरवून पाहिलं.

आपल्याला इतकं कठोर व्हायची गरज नाही. पण हिशेबाची ही कसोटी फार उपयोगी आहे: मी दिवसभर हेच केलं असतं तर या दरात माझा दिवस निघाला असता का? तासाला दहा रुपयांनी आठ तासांचे ऐंशी होतात. उत्तर वहीतच आहे.

मग पाचशेला घेणार कोण?

हा खरा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. फेस्ताच्या फेरीत फिरायला आलेला माणूस पाचशेचा रुमाल घेणार नाही. त्याला दोष देऊन उपयोगही नाही, त्याचा पगारही मोजकाच असतो. तेव्हा भाव नुसता वाढवून ठेवणं हा उपाय नव्हे. करता येण्यासारख्या गोष्टी अशा:

वस्तूंची उतरंड लावा. घरातल्या मडक्यांसारखी: खाली मोठं, वर लहान. क्रोशाची पुस्तकखूण ४० मिनिटांत होते. विणणावळ ४० रुपये, दोरा ६, पाकीट ४, फेरीच्या खर्चाचा वाटा २०. झाले ७० रुपये, आणि सत्तरला ती सहज जाते. म्हणजे सत्तरची पुस्तकखूण हाताला तासाला साठ देते आणि दोनशेचा रुमाल दहा. महाग वस्तू जास्त कमावून देते हा समज वही घातल्यावर पहिल्यांदा मोडतो. फेरीचा खर्च मात्र सगळ्यांवर सारखा वाटू नका. मोठी वस्तू टेबलावर जास्त जागा अडवते, तिनं जास्त उचलावा.

मोठी वस्तू नमुना म्हणून ठेवा. टेबलक्लॉथ किंवा मोठा रुमाल एकच मांडा आणि ऑर्डर घ्या. विसार म्हणून अर्धे पैसे आधी घ्या, तारीख लिहून द्या. न विकल्या जाणाऱ्या मालात अडकणारे तास वाचतात.

खर्च कमी करायचा तर हात सोडून बाकीच्या ओळींत करा. दोरा घाऊक घ्या, दोन-तीन जणींनी मिळून एक टेबल घ्या, बसण्याच्या पाळ्या लावा. पहिल्या पाच ओळींत वाचलेला प्रत्येक रुपया सहाव्या ओळीत येतो.

किंमत कमी मागितली तर वस्तू बदला. “दीडशेत हवं असेल तर हा बिनकाठाचा घ्या, त्याला दोन तास कमी लागतात.” यात कुणाचा अपमान होत नाही आणि किंमत वेळेशी बांधलेली आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं.

चिठ्ठीवर तास लिहा. गेल्या नाताळच्या सेलला मी रुमालाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘सुती दोरा. हातची वीण. वेळ ६ तास.’ किंमत ३५० ठेवली होती. पाचशेपेक्षा खाली असली तरी हाताला तासाला ३५ रुपये पडतात, दहापेक्षा साडेतीन पट. काही जणींनी चिठ्ठी वाचून रुमाल हळूच खाली ठेवला. पण ‘उणें कर’ म्हणणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. एका आजींनी रुमाल उलटा करून मागची बाजू पाहिली, गाठी कुठं लपवल्यात ते शोधलं, आणि म्हणाल्या, “सहा तासांत होत नाही हा, सात लागतात.” त्यांनी दोन घेतले. पूर्वी २० जायचे, या वेळी ११ गेले. पण ११ रुमालांतून हाताला जे मिळालं ते आधीच्या वीसांपेक्षा जास्त होतं, आणि नऊ रुमाल विणायचे चोपन्न तास वाचले.

यंत्राशी तुलना झाली तर शांतपणे सांगा. शेजारच्या टेबलावर मीटरवर विकली जाणारी लेस यंत्राची असते, दिसायला क्रोशासारखी. पण खरा क्रोशा हातानंच होतो. म्हणजे मॉलमध्ये खरा क्रोशाचा टॉप फार स्वस्तात दिसला तर तो स्वस्त कसा झाला, याचं उत्तर आता तुम्हाला काढता येईल.

कागदपत्रांकडंही बघा. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं. सरकारी हस्तकला मेळ्यांत जागा मिळवायला ते उपयोगी पडतं. बचत गटांसाठी ‘सरस’ मेळे असतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सोनार, कुंभार, शिंपी आहेत, टोपल्या-चटया विणणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. क्रोशा नाही. आपण स्वतः ज्याला काम म्हणायला कचरतो ते यादीत येणार तरी कसं?

सरावासाठी

१. घरात हातानं बनणारी एक वस्तू निवडा: गोधडी, करवंटीचा दिवा, कागदी तारा, काहीही. घड्याळ लावून एकदा बनवा. वर दिलेल्या सहा ओळी भरा. सहावी ओळ शेवटी लिहा, पण रिकामी सोडू नका.

२. ती वस्तू आज ज्या किमतीला विकली जाते त्यातून पहिल्या पाच ओळी वजा करा आणि उरलेल्या रकमेला तासांनी भागा. आलेला आकडा ज्यानं वस्तू बनवली त्याला दाखवा आणि तो काय म्हणतो ते शब्दशः लिहून ठेवा. ‘टीव्ही बघता बघता होतं’सारखी वाक्यं हाती लागतील. भाषेच्या विद्यार्थ्याला ती आकड्यांइतकीच मोलाची आहेत.

३. ‘-णावळ’ लागणारे जितके शब्द घरातल्या मोठ्यांकडून मिळतील तितके जमवा. त्यांतली कोणती कामं आज पैसे मोजून होतात, कोणती फुकट होतात, अशा दोन याद्या करा. दुसऱ्या यादीतली कामं घरात कोण करतं, ते प्रत्येक शब्दापुढं लिहा.

४. पुढच्या फेस्ताला फेरीत गेलात आणि एखादी हातची वस्तू आवडली, तर किंमत विचारण्याआधी विचारा: “हे करायला किती वेळ लागतो?” मग किंमत विचारा. परवडली तर घ्या, नाही परवडली तर छान आहे म्हणा आणि पुढं चला. दोन्ही चालतं. फक्त तास ऐकल्यावर ‘मातशें उणें कर’ म्हणायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.